अंडरकव्हर पोलिस, मार्शल आर्ट्स आणि घरची माणसं: हे सिनेमे नेमके काय आहेत आणि मोबाईलवर ते नीट कसे पाहायचे?



तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रील्समध्ये एक क्लिप पाहिली असेल. अरुंद गल्ली, एकाच्या हातात पोलिसी दांडा, दुसऱ्याच्या हातात सुरा, आणि दोघं डोळ्यांचं पातं लवायच्या आत एकमेकांवर तुटून पडतात. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, "भावा, मूव्हीचं नाव सांग." उत्तर कुणी देत नाही, आणि दिलं तर एखादी संशयास्पद लिंक देतो.

तर आज त्याच सिनेमांबद्दल बोलूया. अंडरकव्हर पोलिसांचे मार्शल आर्ट्स सिनेमे म्हणजे काय, त्यात घरच्या माणसांचा विषय एवढा का येतो, त्यातली मारामारी कशी शूट करतात, तीच मारामारी आपल्या मोबाईलवर फुटलेली का दिसते, आणि त्या संशयास्पद लिंकवर क्लिक केल्यावर माझ्या घरी काय झालं, हे सगळं या लेखात आहे. शेवटचा भाग मला लिहायला सोपा नव्हता. पण तुमच्यापैकी एकाचे जरी पैसे वाचले तरी लेखाचं काम झालं असं समजेन.

स्पॉयलरची काळजी असणाऱ्यांसाठी: मी कथेची सुरुवात सांगणार आहे, शेवट नाही.

अंडरकव्हर सिनेमा म्हणजे काय?

अंडरकव्हर म्हणजे ओळख लपवून गुन्हेगारांच्या टोळीत घुसलेला पोलिस. आपल्याकडे "साध्या वेशातले पोलिस" म्हणतात ते वेगळे. माझे बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. काही वर्षं ते स्थानिक गुन्हे शाखेत होते, तेव्हा सिव्हिल ड्रेसमध्येच ड्युटीवर जायचे. पण संध्याकाळी घरी यायचे, जेवायला आमच्यासोबत बसायचे. अंडरकव्हर माणसाला हे करता येत नाही. त्याचं नाव खोटं, मित्र खोटे, कधीकधी तुरुंगवाससुद्धा त्या नाटकाचाच भाग.

हा प्रकार जगभर गाजवला हाँगकाँगच्या सिनेमाने. २००२ साली आलेला "इन्फर्नल अफेअर्स" हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. दिग्दर्शक अँड्र्यू लाऊ आणि ॲलन माक. टोनी लिऊंग हा टोळीत घुसलेला पोलिस, आणि अँडी लाऊ हा पोलिसांत घुसलेला टोळीचा माणूस. दोघं एकमेकांना शोधतायत. यावरूनच मार्टिन स्कॉर्सेसीने २००६ मध्ये "द डिपार्टेड" बनवला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

"इन्फर्नल अफेअर्स"मध्ये मार्शल आर्ट्स जवळजवळ नाहीच. तरी मी त्याच्यापासून सुरुवात करतोय, कारण आपल्यासारख्या टेक वाचणाऱ्यांना त्यातला धोका लगेच समजेल. यान हा पोलिस आहे ही गोष्ट जगात फक्त एका अधिकाऱ्याला माहीत असते, आणि पुरावा म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटरमधली एक फाइल. आता विचार करा. तो अधिकारी गेला तर? कुणी ती फाइल डिलीट केली तर? बॅकअप नसलेल्या डेटाचं जे होतं, तेच या जिवंत माणसाचं होऊ शकतं. तो पोलिस आहे हे सिद्ध करणारं काहीच उरत नाही. फोन फॉरमॅट झाला आणि लग्नाचे फोटो गेले तर आपण रडतो. इथे माणसाची आख्खी ओळखच जायची वेळ येते.

मग यात कुटुंब कुठून आलं?

मला आधी वाटायचं की फाइट सिनेमात मुलगी, बायको, भाऊ वगैरे नुसते भावनिक मसाला म्हणून टाकतात. नंतर लक्षात आलं की अंडरकव्हर कथेत कुटुंब काढलं तर कथाच उरत नाही. कारण बघा:

१. टोळीला खोटी ओळख विकता येते, पण घरच्यांशी रोज खोटं बोलणं माणसाला आतून पोखरतं.

२. शत्रूला अंडरकव्हर माणसाची दुखती नस शोधायची असेल तर ती घरातच सापडते.

३. टोळी हीसुद्धा एक प्रकारचं कुटुंबच असते. बॉस "बेटा" म्हणतो, सोबती "भाई" म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत जेवलेल्या माणसाला शेवटी त्यांना पकडून द्यायचं असतं.

"इन्फर्नल अफेअर्स"मध्ये एक छोटासा प्रसंग आहे. यानला रस्त्यात त्याची जुनी मैत्रीण भेटते. सोबत लहान मुलगी. किती वर्षांची, असं तो विचारतो. आई म्हणते, पाच. तो निघून गेल्यावर मुलगी म्हणते, मी तर सहा वर्षांची आहे. बस, एवढंच. एका वर्षाच्या फरकात प्रेक्षकाला सगळं कळतं, आणि त्या बिचाऱ्याला काहीच कळत नाही.

बाबांसोबत हा सीन पाहिला तेव्हा त्यांनी रिमोट मागून तो थांबवला. म्हणाले, "आमचं काम असलं नव्हतं रे. पण तुझ्या बारशाला मी नव्हतो, ते तुझी आई अजून सांगते."

सुरुवात करायची असेल तर हे चार सिनेमे

यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे. शंभर नावं देऊन काही उपयोग नसतो.

१) पोलिस स्टोरी ३: सुपरकॉप (१९९२)

दिग्दर्शक स्टॅनली टाँग, हिरो जॅकी चॅन. हा यादीतला सगळ्यात हलकाफुलका सिनेमा, घरातल्या सगळ्यांसोबत पाहता येईल असा. हाँगकाँगचा पोलिस का-कुई चीनमधल्या एका गुंडाला तुरुंगातून पळायला मदत करतो आणि टोळीत शिरतो. गंमत अशी, की तो गुंड म्हणतो, चल तुझ्या गावी, तुझ्या घरच्यांना भेटू! आता घर आणायचं कुठून? मग पोलिसच खोटं घर उभं करतात. मिशेल योह ही चिनी पोलिस अधिकारी त्याची बहीण बनते, आणि एक वरिष्ठ अधिकारी चक्क म्हातारीचा वेश करून घरात बसतो. खोट्या कुटुंबाचं हे नाटक पाहताना पोट धरून हसाल. पण पुढे हिरोची खरी मैत्रीण मलेशियात अचानक समोर येते आणि हसू थांबतं.

मिशेल योहने यात चालत्या ट्रेनवर मोटारसायकल उडवून नेण्याचा स्टंट स्वतः केला आहे. २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घेणारी मिशेल योह हीच.

२) एसपीएल: शा पो लांग (२००५)

सुरुवातीला सांगितलेली गल्लीतली फाइट याच सिनेमातली. डॉनी येन विरुद्ध वू जिंग. दिग्दर्शक विल्सन यिप. नावातले तीन शब्द चिनी ज्योतिषातल्या तीन ताऱ्यांचे आहेत.

सिनेमा घडतो फादर्स डेच्या दिवशी. प्रत्येक पोलिसाच्या मागे बाप-लेकाचं किंवा बाप-लेकीचं काहीतरी राहून गेलेलं आहे. मुख्य अधिकाऱ्याने खून झालेल्या साक्षीदाराच्या मुलीला दत्तक घेतलंय. गुंडांचा बॉस सॅमो हंगसुद्धा घरी तान्ह्या बाळाचा बाप आहे. त्यांचा अंडरकव्हर सहकारी मारला जातो, आणि त्या मारहाणीचा व्हिडिओ पोलिसांच्या हाती लागतो. पण पूर्ण व्हिडिओ पाहिला तर गोळी बॉसने झाडलेली नाही. मग हे "चांगले" पोलिस व्हिडिओ कापतात. अर्धी क्लिप खरी, पण अर्थ खोटा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कापलेल्या क्लिप्स आपण रोज पाहतो, त्यामुळे हा मुद्दा आज जास्तच लागू पडतो.

३) एसपीएल २: अ टाइम फॉर कॉन्सिक्वेन्सेस (२०१५)

यादीतला माझा सगळ्यात आवडता. नाव दुसऱ्या भागाचं असलं तरी कथा नवीन आहे, पहिला पाहिला नसेल तरी चालेल. दिग्दर्शक सॉय चिआंग. वू जिंग पहिल्या भागात खुनी होता, इथे तो अंडरकव्हर पोलिस किट आहे. अवयवांची तस्करी करणाऱ्या टोळीत घुसताना त्याला स्वतःला ड्रग्जचं व्यसन लागलंय. त्याला त्या कामावर पाठवणारा अधिकारी दुसरातिसरा कुणी नाही, त्याचा सख्खा काका आहे.

ओळख उघडी पडते आणि किटला थायलंडच्या तुरुंगात डांबलं जातं. तिथला पहारेकरी चाटचाय, म्हणजे "ओंग-बाक" वाला टोनी जा. चाटचायच्या लहान मुलीला ल्युकेमिया आहे, रक्ताचा कॅन्सर. तिच्यासाठी जुळणारा बोन मॅरो डोनर सापडलाय, पण त्याचा संपर्क होत नाहीये. कारण तो डोनर म्हणजे त्याच तुरुंगातला कैदी, किट. एक थाई बोलतो, दुसरा कँटोनीज. बाप ज्या माणसाला शोधतोय त्याच्यावरच पहारा देतोय.

आणि वाईट बाजूलासुद्धा कुटुंबच आहे. टोळीच्या प्रमुखाला नवीन हृदय हवंय, आणि ते त्याला हवंय स्वतःच्या धाकट्या भावाचं. एकीकडे परक्याच्या मुलीसाठी स्वतःचं रक्त देणारा माणूस, दुसरीकडे सख्ख्या भावाचं हृदय मागणारा. सिनेमा यावर भाषण देत नाही. फक्त दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो.

४) द रेड २ (२०१४)

इंडोनेशियाचा सिनेमा, पण दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स मूळचा वेल्सचा. हिरो इको उवैस. तो आधी एका टेलिकॉम कंपनीत ड्रायव्हर होता. इव्हान्स सिलाटवर डॉक्युमेंटरी बनवायला गेला आणि तिथे त्याला हा मुलगा सापडला. पेंचाक सिलाट ही इंडोनेशियाची पारंपरिक युद्धकला, २०१९ मध्ये तिची परंपरा युनेस्कोच्या यादीत गेली.

पहिल्या "द रेड"मध्ये (२०११) पोलिस रामा ज्या बिल्डिंगवर धाड टाकायला जातो तिथे त्याचा भाऊच गुंडांसोबत असतो. दुसऱ्या भागात घरच्यांना वाचवण्यासाठी रामा खोट्या नावाने तुरुंगात जातो आणि डॉनच्या मुलाशी मैत्री करतो. काही महिन्यांचं काम म्हणून आत गेलेला माणूस दोन वर्षं अडकतो. बाहेर त्याचा मुलगा बापाशिवाय मोठा होतोय.

महत्त्वाची सूचना: हा सिनेमा भयंकर हिंसक आहे. फक्त प्रौढांसाठी. लहान भावंडं शेजारी असतील तर लावू नका. "एसपीएल"चे दोन्ही भागही लहान मुलांसाठी नाहीत.

या फाइट्स शूट कशा करतात?

हाँगकाँगची पद्धत. हिरो दहा मिनिटं सलग मारामारी करत नाही. चार-पाच हालचालींचा एक तुकडा, मग कट, मग पुढचा तुकडा. प्रत्येक तुकड्यासाठी कॅमेरा जिथून ठोसा सगळ्यात स्पष्ट दिसेल तिथे ठेवतात. जॅकी चॅनची एक युक्ती प्रसिद्ध आहे. ठोसा लागल्याचा क्षण एका शॉटच्या शेवटी दाखवायचा आणि पुढच्या शॉटच्या सुरुवातीला तोच क्षण थोडासा पुन्हा घ्यायचा. आपल्याला रिपीट जाणवत नाही, पण फटका दुप्पट जोराचा वाटतो.

वेगाची युक्ती. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सने दाखवतात. शूट करताना कॅमेरा २२ फ्रेम्सने चालवला आणि दाखवताना २४ ने दाखवला, तर हालचाल साधारण ९ टक्के वेगवान दिसते. डोळ्यांना खोटं वाटत नाही, पण हात विजेसारखे चालतात. म्हणून सांगतो, असे सिनेमे १.२५एक्स किंवा १.५एक्स स्पीडने पाहू नका. वेग त्यात आधीच मोजून टाकलेला असतो.

इंडोनेशियाची पद्धत. गॅरेथ इव्हान्सची टीम शूटिंगच्या आधी साध्या कॅमेऱ्यावर आख्खी फाइट शूट करून एडिट करते. म्हणजे व्हिडिओचा कच्चा आराखडाच. "द रेड २"च्या कार चेसमध्ये कॅमेरा एका गाडीच्या खिडकीतून आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्यासाठी एक कॅमेरामन गाडीच्या सीटचा वेश घालून बसला होता! तोही एक प्रकारचा अंडरकव्हरच.

मोबाईलवर फाइट फुटलेली का दिसते?

आता आपला मुख्य विषय. बोलण्याचे सीन एकदम क्लिअर, आणि मारामारी सुरू झाली की चौकोन-चौकोन दिसायला लागतात. नेट स्लो आहे म्हणून आपण शिव्या घालतो. पण खरं कारण थोडं वेगळं आहे.

व्हिडिओ फाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण साठवते आणि पुढच्या फ्रेम्ससाठी फक्त "काय बदललं" एवढंच लिहून ठेवते. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असतील तर फक्त ओठ आणि डोळे बदलतात, डेटा कमी लागतो. पण गल्लीत मारामारी सुरू झाली, कॅमेरा हलला, तर जवळजवळ सगळंच बदलतं. तेवढा बदल लिहायला डेटा पुरला नाही की बारीक तपशील गळतात आणि चौकोन दिसतात. अंधाराचे सीन असतील तर आणखीनच वाईट.

मग काय करायचं?

१. ॲपमधलं "डेटा सेव्हर" बंद करा, निदान या सिनेमांपुरतं. हिशोब सोपा आहे. २ एमबीपीएसने तासाला साधारण ९०० एमबी जातात. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १.८ जीबी. डेली पॅक दीड जीबीचा असेल तर वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा.

२. फोनची वाइडवाइन लेव्हल तपासा. बऱ्याच ओटीटी ॲप्सना एचडी दाखवण्यासाठी फोनमध्ये वाइडवाइन एल१ लागतं. काही स्वस्त फोन्समध्ये एल३ असतं, तिथे कितीही भारी प्लॅन घेतला तरी चित्र एसडीच दिसतं. ओटीटी ॲपच्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरवरच्या डीआरएम माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये हे पाहता येतं. महागडा प्लॅन घेण्याआधी हे तपासाच.

३. दोन बोटांनी झूम करू नका. काळ्या पट्ट्या नको म्हणून आपण चित्र ताणतो. पण १६:९ चा व्हिडिओ २०:९ च्या स्क्रीनवर पूर्ण भरला तर वरचा-खालचा भाग कापला जातो. लाथांच्या सिनेमात पायच कापले तर पाहायचं काय?

४. स्क्रीनचा रिफ्रेश रेट. २४ फ्रेम्सचा सिनेमा ६० हर्ट्झवर नीट बसत नाही, एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दिसते, त्यामुळे कॅमेरा फिरताना बारीक धक्के जाणवतात. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते. तुमच्या फोनमध्ये पर्याय असेल तर १२० ठेवून पाहा.

५. "मोशन स्मूदिंग" बंद करा. काही फोन आणि बहुतेक स्मार्ट टीव्ही दोन फ्रेम्सच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवीन फ्रेम घुसवतात. क्रिकेटला ठीक. सिनेमा मात्र सीरियलसारखा दिसायला लागतो आणि फाइटमध्ये हातांभोवती भुताटकी सावल्या येतात.

६. मूळ भाषा ठेवा, सबटायटल्स मोठी करा. हिंदी डबमध्ये मजा येते, मान्य. पण "एसपीएल २"मध्ये दोन माणसांना एकमेकांची भाषा कळत नाही हाच कथेचा गाभा आहे. डबमध्ये दोघंही फाडफाड हिंदी बोलले तर तो अडसर जाणवणार कसा?

आता ती लिंक

मला "एसपीएल २" बाबांना दाखवायचा होता. माझ्या फोनमध्ये स्टोरेज नव्हतं, म्हणून आईचा फोन घेतला. एका ग्रुपवर "फ्री एचडी हिंदी डब" अशी लिंक मिळाली. सिनेमा थेट नव्हता, आधी त्यांचं ॲप टाकायला सांगत होते. प्ले स्टोअरवरचं नाही, एपीके फाइल. फोनने इशारा दिला, मी "तरीही इन्स्टॉल करा" दाबलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. सिनेमा दाखवायला एसएमएस कशाला लागतात, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. दिली परवानगी.

सिनेमा लागलाच नाही. मी ॲप काढून टाकलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी आईच्या खात्यातून दोन व्यवहारांत ९,५०० रुपये गेले. बँकेचे मेसेज मीच आधी पाहिले. ते पैसे आईचे नव्हते. ती बचत गटाची सचिव आहे, गटातल्या बायकांनी जमा केलेले हप्ते होते, सोमवारी भरायचे होते.

आणि मी काय केलं? मेसेज डिलीट केले. तीन दिवस घरात गप्प फिरत राहिलो. आईने "जेवला का" विचारलं की "हो" म्हणायचो. बाबांच्या नजरेला नजर देत नव्हतो. मनात हिशोब चालू, कुणाकडून उसने मिळतील, सोमवारच्या आत कसे भरता येतील. अंडरकव्हर माणूस घरी कसा वागत असेल ते मला त्या तीन दिवसांत कळलं. फरक एवढाच, की तो कुणासाठी तरी खोटं बोलतो, मी स्वतःला वाचवायला बोलत होतो.

रविवारी रात्री बाबांनीच विचारलं. "तीन दिवस झाले, तू आईचा फोन हातात घेऊन बसतोस आणि मी आलो की ठेवतोस. काय झालंय?" तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचलेला माणूस तो. मी सगळं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, "१९३० ला फोन केलास का?" मी मान हलवली. मग म्हणाले, "पैसे गेले त्याच दिवशी सांगितलं असतंस तर थांबवायची काहीतरी संधी होती. लपवण्यातच वेळ गेला."

तक्रार केली, पण पैसे परत आले नाहीत. बाबांनी गटाचे भरले. मी दर महिन्याला त्यांना थोडे थोडे देऊन फेडले. आईने गटातल्या बायकांना स्वतःहून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती मान खाली घालून सांगेल. ती म्हणाली, "माझ्या पोराच्या हातून झालंय, तुमच्या घरी होऊ नये म्हणून सांगते." त्या दिवशी चार-पाच जणींनी आपापले फोन मला तपासायला दिले. दोन फोनमध्ये तसलीच अनोळखी ॲप्स निघाली.

यातून घ्यायचे धडे:

१. खोटं ॲप म्हणजे तुमच्या घरात शिरलेला टोळीचा माणूस. नाव सिनेमाचं, काम चोरीचं. आपणच दार उघडून त्याला आत घेतो.

२. परवानगी मागितली की एकच प्रश्न विचारा: या कामासाठी हे खरंच लागतं का? व्हिडिओ प्लेअरला एसएमएस, कॉन्टॅक्ट्स किंवा ॲक्सेसिबिलिटी लागत नाही.

३. सेटिंग्जमध्ये जाऊन "अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करा" हा पर्याय ब्राउझर आणि चॅट ॲप्ससाठी बंद ठेवा. आई-बाबांच्या फोनमध्येही.

४. पैसे गेले तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. मेसेज डिलीट करू नका, तोच पुरावा असतो.

५. घरी सांगा. शरम वाटेल, तरी सांगा. पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे असतात, आणि ते लपवण्यात घालवू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सिनेमे अधिकृतपणे कुठे मिळतील?
ओटीटीवरचे हक्क बदलत राहतात, म्हणून मी ठरावीक ॲपचं नाव देत नाही. जस्टवॉच या साइटवर देश "इंडिया" निवडून नाव टाका, कुठे सबस्क्रिप्शनमध्ये आहे आणि कुठे भाड्याने मिळतो ते दिसतं.

नाव टाकलं तरी सापडत नाही, काय करू?
एकाच सिनेमाची दोन-तीन नावं असतात. "एसपीएल" हा "किल झोन" नावाने आणि दुसरा भाग "किल झोन २" नावाने मिळतो. "पोलिस स्टोरी ३" कधी नुसता "सुपरकॉप" असतो. "द रेड" हा "द रेड: रिडेम्प्शन" नावानेही आहे.

"रेड २" सर्च केला तर अजय देवगण येतो!
बरोबर आहे, तो २०२५ चा हिंदी सिनेमा, इन्कम टॅक्सच्या धाडीवरचा. इंडोनेशियाचा हवा असेल तर सोबत "इको उवैस" किंवा "२०१४" टाका.

कोणत्या क्रमाने पाहू?
आधी सुपरकॉप, मग इन्फर्नल अफेअर्स, मग एसपीएलचे दोन्ही भाग. रेडचे दोन्ही भाग सगळ्यात शेवटी, आणि पहिला आधी.

शेवटी एवढंच

"एसपीएल २" आम्ही अखेर पाहिला. काही महिन्यांनी, अधिकृत ॲपवर, टीव्हीला जोडून. आईसुद्धा बसली होती. मारामारीत ती अधूनमधून डोळे मिटून घ्यायची, पण चाटचाय मुलीच्या खाटेशी बसतो त्या सीनला तिने मिटले नाहीत. बाबा आख्खा सिनेमा गप्प होते. संपल्यावर म्हणाले, "तो काका भारी होता. चूक झाली पोराची, तरी शोधत गेला."

मी काही बोललो नाही. टीव्हीची केबल काढली आणि आईचा फोन चार्जिंगला लावला.

तुम्हाला हा लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा, आणि आज रात्री आई-बाबांच्या फोनमधल्या ॲप्सच्या परवानग्या एकदा तपासा. तुमचा आवडता अंडरकव्हर सिनेमा कोणता, तेही कमेंटमध्ये सांगा. फक्त लिंक टाकू नका!